पार्सलअक्काची अमेरिका

पार्सलअक्का रिकाम्या हाताने गावाला गेली, असं आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणी पाहिलेलं नाही. नुसती पुण्याला निघाली तरी आदल्या दिवशी ती दारोदार उभी राहायची आणि विचारायची, "पुण्याला जातीया. काय न्यायचंय का?" मग कुणाच्या मुलाचा राहिलेला स्वेटर, कुणाच्या लेकीसाठी शेंगाचटणी, कुणाच्या सासऱ्यांच्या कवळीची डबी असं सगळं तिच्या पिशवीत जायचं. प्रत्येक पुडक्यावर ती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावायची आणि त्यावर निळ्या पेनाने नाव लिहायची. सरकारी नोकरीत तिने नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं होतं. नोकरी संपली तरी चिकटपट्टी हातातून गेली नाही.

ती मूळची नातेपुत्याची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची आणि वर्षातून सहा महिने कुठे ना कुठे फिरत असायची. दिल्ली, बंगळूर, गुवाहाटी, सगळं बघून झालेलं, आणि एका रात्रीचंही हॉटेल न करता. "हाटेल म्हंजे अनोळखी गादीवर पैशे देऊन झोपायचं," ती म्हणायची. "त्यापरीस ओळखीच्या चटईवर फुकट झोपावं." ओळख नसेल तर ती पार्सलाने तयार करायची. आईच्या हातचा डबा घेऊन दारात आलेल्या बाईला कुणी उभ्याउभ्या परत पाठवत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. "आदी च्या. मग जेवान. मग अंथरूण. तीन पायऱ्या हायत. घाई करायची न्हाय."

माझं तिच्याशी जमलं ते याद्यांमुळे. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात. कुठला मुलगा कुठल्या बाकावर बसेल याच्या याद्या लावण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. घरातही वाण्याची यादी, औषधांची यादी, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली एक जुनी यादी: 'बघायचं राहिलेलं'. त्यात वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर अमेरिका होती. शाळेत भूगोलाच्या वहीत मी तिथल्या त्या प्रचंड दरीचा उभा छेद काढला होता, खडकांचे थर वेगवेगळ्या रंगांनी रंगवून. ती दरी मला कठड्याशी उभं राहून बघायची होती, बाकी काही नाही.

पण आमच्याकडे अमेरिकेला दोनच कारणांनी जातात. एक, लेकीचं बाळंतपण करायला. दोन, सुनेचं बाळ सांभाळायला. माझा एकुलता एक मुलगा पुण्यात, आणि त्याला पुणं सोडायचं नाही. आमच्या ह्यांना विमानाची भीती. टूर कंपनीने सांगितलेल्या रकमेत आमच्या घराचा वरचा मजला पुन्हा बांधून झाला असता. हे मी एकदा अक्काजवळ बोलून गेले. ती गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तितं सोलापूरची किती पोरं हायत? यादी कर."

मी केली. देवळात, भाजी मंडईत, लग्नकार्यात विचारत विचारत महिन्याभरात चाळीसेक नावं झाली. नकाशा पसरून त्यातली नऊ निवडली, एका टोकाच्या समुद्रापासून दुसऱ्या टोकाच्या समुद्रापर्यंत, साधारण एका रेषेत येणारी. मधलं अंतर बसने आणि रेल्वेने. नऊही घरच्या आईबापांना आम्ही भेटलो. मुलांशी फोनवर बोलण्याचं काम अक्काने स्वतःकडे घेतलं. "तू पत्ते बघ, गाड्या बघ. माणसं मी बघते," ती म्हणाली. मला ही वाटणी फार आवडली. तेव्हा मी तिच्यावर एवढा विश्वास टाकत होते, की ती त्या पोरांशी नेमकं काय बोलते हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही निघालो. दोघींच्या मिळून चार बॅगा. एकीत आमचे कपडे आणि उरलेल्या तिन्हींत लोकांची पार्सलं. तिथल्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या गोऱ्या साहेबाने कडक भाकऱ्यांची चवड बाहेर काढली. वरची भाकरी उचलली, बोटाने वाजवून पाहिली आणि विचारलं, ही प्लेट आहे का? मी इंग्रजी वाक्य जुळवत होते, तोवर अक्काने त्याच्या हातातली भाकरी घेतली, कोपरा मोडला आणि कडाकडा चावून दाखवला. साहेब हसला. "बघ," बाहेर पडताना ती म्हणाली, "दात असले की भाषा लागत न्हाय." मीही हसले. त्या प्रवासातली ही एकच आठवण मी आजही बिनधास्त हसून सांगू शकते.

पहिलं घर न्यू जर्सीतलं. नवराबायकोने आपली खोली आम्हाला दिली आणि ती दोघं बैठकीत जमिनीवर झोपली. सकाळी त्या मुलीने अक्काला पोहे दिले आणि माझ्यापुढे मऊ भात ठेवला. मला वाटलं, प्रवासाने माझं तोंड उतरलेलं दिसलं असेल. दुसऱ्या घरी त्या मुलाने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "मावशी, तुम्ही काही उचलायचं नाही." मागून साठी ओलांडलेली अक्का दोन बॅगा ओढत येत होती, तिच्याकडे त्याने वळूनही बघितलं नाही. शिकागोतल्या मुलाने कामावर सुट्टी काढून आम्हाला दिवसभर तळं दाखवलं, जे तळं कसलं, समुद्रच होता. निघताना त्याच्या बायकोने माझी ओटी भरली आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही.

मी रोज वहीत लिहीत होते. ठिकाण, गाडीची वेळ, काय बघितलं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी एक जादा ओळ लिहिली: 'सोलापूरचं माणूस कुठेही जाऊ दे, माया सुटत नाही.' अक्काला वाचूनही दाखवली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "व्हय की."

पाचवं घर सायलीचं. ती फिनिक्सला एकटी राहायची, तिशीची, नोकरी करणारी मुलगी. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिच्या वडिलांनी खायचं काहीच दिलं नव्हतं. आईच्या साड्यांची शिवून घेतलेली गोधडी दिली होती. सगळ्यांत जड पार्सल तेच. सायलीने चिकटपट्टी काढली, गोधडी उलगडली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगत गेली, ही दिवाळीची, ही माझ्या दहावीच्या निकालाची. अक्का आत चहा करायला उठून गेली. मग सायली मला म्हणाली, "मावशी, आई आजारी होती तेव्हा माझ्या व्हिसाचं काम चालू होतं. इथून बाहेर पडले असते तर परत येता येईल की नाही, नक्की नव्हतं. आईच म्हणाली, येऊ नकोस. मी आयुष्यात तिचं कधी ऐकलं नाही. ते एकच ऐकलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही तरी खरं सांगा," ती म्हणाली. "येऊ नको म्हणणाऱ्या माणसाला आतून वाटत असतं का, की यावं?"

मला गोड बोलता येत नाही. जे वाटलं ते सांगितलं. "तुझ्या आईने तुझी सोय बघितली. तिने सांगितलं तेच तिला हवं होतं. आई मुलांना कोडी घालत नाही."

सायली गोधडीत तोंड खुपसून रडली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "तुम्ही सांगताय म्हणून पटतंय, मावशी. दुसरं कुणी सांगितलं तर पटत नव्हतं." मला बरं वाटलं. माझ्या वयाला आणि पिकल्या केसांना तिने दिलेला मान समजले मी तो.

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला दरी बघायला घेऊन गेली. जाताना साडेतीन-चार तास, येताना तेवढेच, आणि गाडी चालवणारी ती एकटीच. पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं. मी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या. काठाकाठाने किती चालायचं, कुठे कुठे थांबायचं, हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. सोलापुरात मी रोज पहाटे तळ्याला तीन फेऱ्या मारते, मला चालण्याची कसली भीती! सायली "आलेच" म्हणून माहिती केंद्राच्या इमारतीत गेली आणि चाकाची खुर्ची ढकलत परत आली.

"मावशी, बसा."

मी मागे वळून बघितलं, खुर्ची कुणासाठी आहे ते कळेना म्हणून. मागे कुणी नव्हतं.

"उगाच दमू नका. मी ढकलते. शेवटपर्यंत नेते तुम्हाला."

"बस की," अक्का पटकन म्हणाली. "फुकट मिळती."

त्या एका क्षणात मऊ भात, काढून घेतलेली पिशवी, भरलेली ओटी, न सोडलेला हात, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि एका ओळीत बसलं. 'तुम्ही तरी खरं सांगा'चा अर्थही कळला. मी अक्काकडे बघितलं. तिने नजर चुकवली. इतक्या वर्षांत तिने माझी नजर चुकवलेली मी पहिल्यांदा बघितली.

"मला काहीही झालेलं नाही," हे तीन-चार शब्दांचं वाक्य होतं. जिभेवर आलंही होतं. पण सायलीने खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरलं होतं. आईला एकदाही नेता आलं नव्हतं तिला, दवाखान्यात नाही की देवळात नाही. आणि आदल्या दिवशी तिला जे पटलं होतं ते मी म्हातारी म्हणून पटलं नव्हतं, मी मरणार म्हणून पटलं होतं. मी ते वाक्य बोलले असते तर तिच्या आईचं 'येऊ नकोस'ही तिथेच परत खोटं झालं असतं.

मी बसले.

चाकाच्या खुर्चीत बसलं की तिथल्या कठड्याचा लोखंडी गज बरोबर डोळ्यांच्या रेषेत येतो. माझी दरी मी त्या गजाच्या वरून आणि खालून बघितली. थर अगदी वहीत काढले होते तसेच होते. सायली मागून सांगत होती, "दिसतंय ना, मावशी? अजून पुढे नेऊ?" मी "हो" म्हणत होते.

ती खुर्ची परत करायला गेली तेव्हा आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो.

"काय सांगितलंस तू ह्या पोरांना?"

"कुणाला?"

"अक्का."

ती पदराचं टोक सारखं करत राहिली. "लई काय न्हाय. म्हणलं, मंगलचे रिपोर्ट काय बरे न्हायत. तिची एक इच्छा हाय, ती राहू नये."

"माझे कुठले रिपोर्ट?"

"कुटले म्हणून मी कुटं सांगितलं? मी आजाराचं नाव काडलं न्हाय. त्यांनीच धरलं."

"नर्सबाईने सांगितल्यावर धरणारच. आणि माझंच नाव का? स्वतःचं का नाही?"

"माझ्या तोंडाकडं बघून कुणी म्हणंल का आजारी हाय म्हणून?" ती खरंच आश्चर्याने म्हणाली. "तू बारीक हायस. तुला शोभतं."

मग तिनेच पुढे समजावलं, एखाद्या पेशंटला समजवावं तसं. "हे बघ मंगल, पार्सलावर एक रात मिळती. आपल्याकडं तेवढं पुरतं. हा देश लई लांब हाय गं. घरापासनं टेसनावर जायला एस्टी न्हाय, रिक्षा न्हाय. माणसाला सुट्टी काडावी लागती, गाडी काडावी लागती. चटणीच्या पुडीवर कुणी आठ तास गाडी चालवंल? तुला ही दरी बगायची होती का न्हाय?"

"अशी नव्हती बघायची."

"बसल्याजागी दिसली की," ती म्हणाली.

पुढची चार घरं मी कामापुरतं बोलत काढली. मऊ भात आला की मी पोहे मागून घेतले, बॅग उचलली, जिने चढले. लोक माझ्याकडे आणखीच कौतुकाने बघायला लागले. 'काय जिद्द आहे,' असं एकजण दुसऱ्या खोलीत म्हणाल्याचं मी ऐकलं. वहीतली ती मायेची ओळ मी खोडली. एवढी घट्ट खोडली की पान फाटलं.

घरी पोचले तर माझी वरच्या मजल्यावरची कॉट खाली बैठकीत आणून ठेवलेली. ह्यांनी मला जेवू दिलं, ताट उचललं आणि मग समोर येऊन बसले. "काय असेल ते आपण दोघं मिळून बघू," म्हणाले. शिकागोच्या मुलाचे वडील त्यांना मंडईत भेटले होते. त्यांनी सांत्वन केलं होतं. त्यानंतरचे अकरा दिवस हा माणूस घरात एकटा ते घेऊन बसला होता, आणि माझी सहल बिघडू नये म्हणून त्याने मला फोनवर एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला काही झालेलं नाही, हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी लपवतेय. शेवटी सगळ्या तपासण्या केल्या, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. अशा तऱ्हेने मला माझे रिपोर्ट मिळाले. सगळे चांगले.

मग मी नेहमीप्रमाणे यादी केली. नऊ घरं. एकेका घरी जाऊन सांगितलं की अक्काचा गैरसमज झाला होता, मी ठणठणीत आहे. बहुतेकांना आनंद झाला. एकीला झाला, पण मुलाची सुट्टी फुकट गेल्याचंही तिच्या तोंडावर दिसलं. आठ घरं झाली. नववं सायलीच्या वडिलांचं. ते कुणात फारसे मिसळत नाहीत. दारातच म्हणाले, "दोन वर्षांनी पोरगी फोनवर हसली. तुम्ही तिला काय सांगितलंत ते मी विचारणार नाही." मी पाणी पिऊन परत आले.

अक्काशी मी बोलणं टाकलं. समोरासमोर दारं, तरीही दोन वर्षं टाकलं. ती चिडली नाही, रडली नाही. माझं चुकलं, असंही कधी म्हणाली नाही. आपण मैत्रिणीला तिच्या मनातली गोष्ट दाखवून आणली, यावर ती ठाम होती. मला सगळ्यांत जास्त तेच लागलं. मग तिने घर विकलं आणि भाच्याकडे नातेपुत्याला राहायला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ती रिवाजाप्रमाणे दारोदार गेली. माझ्याही दारात आली.

"नातेपुत्याला चाललीया. काय न्यायचंय का?"

"काही नाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली.

सकाळी पायरीवर कडक भाकऱ्यांचं पुडकं होतं. वर पांढरी पट्टी, निळ्या अक्षरांत 'मंगल'. मी ते फडताळात ठेवून दिलं. कडक भाकरीचं एक बरं असतं, राग निवेपर्यंत ती थांबू शकते. माझा निवला नाही. भाकऱ्या ह्यांनी खाल्ल्या.

मागच्या वर्षी अक्का गेली. रात्री झोपली ती उठली नाही. भाच्याचा फोन आला तेव्हा मी ह्यांना पाठवलं, मी गेले नाही. सायलीला तिच्या वडिलांकडून कळलं. तिचा निरोप आला, 'अक्का गेल्या आणि तुम्ही आहात, मावशी. कुणाचं काही सांगता येत नाही.'

दर मे महिन्यात ती मला विचारते, 'रिपोर्ट कसे आहेत?' मी कळवते, 'चांगले आहेत.' त्यात एक अक्षर खोटं नाही. अक्कानेही त्या बाकावर मला हेच सांगितलं होतं, की तिने आजाराचं नाव काढलं नाही. तिची पद्धत मी किती बिनचूक उचलली, हे लक्षात आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सायली डिसेंबरात सोलापूरला येतेय. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, 'स्टेशनवरून आधी तुमच्याकडेच येते. तुम्हाला तळ्यावर फिरायला न्यायचंय. व्हीलचेअर तिथे भाड्याने मिळते का?' तिला काय काय सांगायचं त्याची मी यादी करायला बसले. अकरा मुद्दे झाले. सगळे खोडले. मग लिहिलं, 'खुर्ची नको. मी स्टेशनवर घ्यायला येते, चालत. मला तेव्हाही काही झालेलं नव्हतं. तुझ्या आईबद्दल बोलले ते मात्र खरं होतं.'

तिने ते वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. आज तिसरा दिवस आहे, उत्तर नाही.

समोरच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. तरी काल संध्याकाळी मी उगाच त्या दाराशी जाऊन उभी राहिले. अक्का असती आणि तिने विचारलं असतं, तर ह्या वेळी मी म्हणाले असते, न्यायचंय. एवढं एक शेवटचं वाक्य सायलीला पोचवून ये.